गणेशची वाढवलेली गाडी

"गणेशनं लांबलचक गाडी आणली म्हणते, एकदम नवी, अन् आता..." एवढंच कानावर पडलं, अन् कटिंगच्या दुकानातले ते दोघं उठून गेले.

गणेश म्हणजे आमच्या गल्लीतला, ट्रकनं कापूस वाहणारा. माझं घर कोपऱ्यावर, त्याचं आत. कापसाले भाव नाही म्हणून अख्खं पांढरकवडा रडून राह्यलं, अन् याले नवी गाडी? मले तर जेवणच गेलं नाही. तसाच हायवेवरच्या सलीमभाईच्या गॅरेजात गेलो, गणेशच्या गाडीचं काम तिथंच होते. पाहतो तं गणेशचा जुनाच ट्रक, मधून कापून दोन तुकडे केलेला. खोटं कायले बोलू, मनातून बरं वाटलं.

"हे काय झालं गा?"

"चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तीन फूट वाढवून राह्यलो, भाऊ," सलीमभाई म्हणाला. "कापूस हलका, पण जागा लय खाते. लांब गाडीत एका फेरीत जास्त बसते."

बरं वाटलेलं तिथंच संपलं.

आठ दिवसांनी गाडी आली, पण गल्लीत वळेचना. शेवटी माझ्या दारापुढं लावली.

"काका, चालते ना?" गणेशनं विचारलं.

"राहू दे," मी तोंड वाकडं करून म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी मारेगावहून माझा साळा आला. गाडीभोवती पुरी चक्कर मारली अन् म्हणाला, "भाऊजी, एवढी मोठी नवी गाडी घेतली अन् आमाले सांगतलं नाही?"

मी म्हटलं, "नवी कायची बा? जुनीच आहे. फक्त लांब करून घेतली."