नऊ पिशव्यांची माती

(अकोल्याच्या बसस्थानकासमोरचं चहाचं दुकान. दुपारचे सव्वातीन. रामराव तेल्हाऱ्याच्या गाडीतून आत्ताच उतरले आहेत. त्यांची मुलगी रागिणी आधीपासून बसलेली आहे.)

रामराव: मोजून घे म्हणतो ना. दहावी, बारावी, टीसी, बीएस्सीच्या साऱ्या मार्कशीटा, वरतून डिग्री. सारे एका पिशवीत घालून शर्टाच्या आत पोटाशी धरून आणले. शेजारी एक बाई पाण्याची कॅन घेऊन बसली होती. म्हटलं, सांडली तं माह्या पोरीचं सारं शिक्षण ओलं होईन.

रागिणी: राहू द्या तुमच्याजवळच, बाबा.

रामराव: माह्याजवळ काहून? पाचाले हापिस बंद होते, तूच म्हणली सकाळी फोनवर.

रागिणी: ते म्हणाले. आज पाचपर्यंत सगळे ओरिजिनल जमा केले तर जागा माझी, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे.

रामराव: मंग चाल ना. चहा वापस येऊन पिऊ. तुह्या मायनं पेढे धाडले हायेत. एक तुले, बाकी त्या लॅबवाल्या ओमप्रकाश साहेबाले.

रागिणी: एवढ्यात पेढे कशाले?

रामराव: तूच म्हणली, निवड झाली. आठाले तुहा फोन आला, नवाले तुह्या मायनं शेजारच्या पुंजाजीले सांगतलं, आन यष्टी येईपर्यंत साऱ्या गावाले. पुंजाजी तं म्हणे, रामराव, तुही पोरगी मातीची डॉक्टर झाली, आता आपल्या वावराची नाडी घरचंच माणूस पाहीन.

रागिणी: पुंजाजीकाका म्हणाले असं?

रामराव: हो. त्यायनं बी माती तपासाले देल्ली ना याच लॅबले. काहून वं, तोंड काहून उतरलं?

रागिणी: काही नाही. बाबा, त्यांनी मले एकही कागद दिला नाही. मी पगार विचारला. म्हणाले, ट्रेनिंग झाल्यावर पाहू. ट्रेनिंग किती दिवसांचं विचारलं, तर म्हणाले, तुमच्यावर आहे. पदाचं नाव काय, असं विचारलं तेव्हा नुसते हसले.

रामराव: हसले तं हसले. हसऱ्या साहेबाखाली काम करणं बरं. तो बाळापूरचा शाळेवाला हसत नोयता, तो बी तुले खटकला.

रागिणी: ते पगाराच्या एका आकड्यावर सही घेऊन हातात दुसराच देणार होते.

रामराव: मी काही बोललो काय तवा? नाई बोललो. मंग अमरावतीची कंपनी. आधी आणखी चार पोरी आणून दे, मंग तुले घेतो. तथीही म्या मानलं, का तू बरोबर हाय. पण हे तं लॅब हाय. तुह्या विषयाची हाय. काचेचं दार हाय, बोर्ड हाय. तेल्हाऱ्याहून अकोल्याले मी दोन घंटे उभ्यानं आलो, आन तू म्हणतं राहू द्या. खटकणं हाच धंदा धरला काय माय तू?

रागिणी: दोन वर्षांचा बाँड आहे. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागून राहिले. मजकूर ते नंतर भरतील. मधात सोडलं तर हे कागद परत नाहीत.

रामराव: लागली नाई तं सोडायच्या गोष्टी?

रागिणी: तुम्ही बैल घेताना आधी दात पाहता की घरी आणल्यावर?

रामराव: बैलाले कोणी तीन दिवस परीक्षा घेऊन निवडत नाई. तुले निवडलं. अकरा जणांतून तुले.

रागिणी: त्या परीक्षेचंच सांगायचं आहे. मधात बोलू नका फक्त.

रामराव: मी कवा बोलतो मधात? बरं, बोल.

रागिणी: व्हॉट्सॲपवर जाहिरात आली होती, माती परीक्षणाच्या लॅबमध्ये जागा म्हणून. कॉलेजच्या चारुशीला मॅडम म्हणाल्या, ही जाहिरात तर दर महिन्याला येते. मी म्हटलं, लॅब वाढत असेल. गेलो आम्ही अकरा जण. ओमप्रकाश सर म्हणाले, मुलाखत नाही, सरळ प्रॅक्टिकल. तीन दिवस, रोज वीस पिशव्या. नावं झाकून वर नंबराची चिठ्ठी लावलेली. म्हणे, परीक्षेत पक्षपात नको म्हणून.

रामराव: बरोबरच हाय ते.

रागिणी: मलेही बरोबरच वाटलं. अकरा जणांत सामू मोजायची मशीन दोनच. सामू म्हणजे जमीन खारी आहे का, किती आहे, त्याचा आकडा. माती पाण्यात भिजवून अर्धा तास तरी ठेवावी लागते, मधात ढवळावी लागते, मग मशीनमध्ये धरायची. दोन दिवस मी सगळं नीट केलं. जेवायलेही उठली नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता सर आले आणि म्हणाले, पाचला वही बंद. माझ्या नऊ पिशव्या राहिल्या होत्या, आणि मशीनजवळ पाच जणांची रांग.

रामराव: मंग?

रागिणी: मग मी आकडे लिहून टाकले.

रामराव: म्हणजे?

रागिणी: न मोजता. कॉलेजमध्ये प्रॅक्टिकलच्या वहीत शेवटची रीडिंग लिहितात तसे. घंटी होत आली की सगळेच लिहितात, मॅडमलाही माहीत असते. सात पूर्णांक दोन, सात पूर्णांक तीन. चांगल्या जमिनीचा मधातला आकडा, कोणाच्या डोळ्यात न येणारा. मले वाटलं, परीक्षेची माती आहे, निकाल लागला की फेकून देतील.

रामराव: बरं. आन त्यायनं तरीही तुले पास केलं.

रागिणी: तरीही नाही, म्हणूनच. सर म्हणाले, साठच्या साठ भरल्या, तुमचा हात चालतो.

रामराव: मंग झालं काय? परीक्षेत थोडंसं इकडंतिकडं कोण नाई करत?

रागिणी: ती परीक्षा नव्हती, बाबा. पिशव्या आवरताना त्या नऊंपैकी एकीवरची चिठ्ठी ओली होऊन निघाली. खाली पेनानं लिहिलं होतं, पुंजाजी, मग आपल्या गावाचं नाव, गट नंबर एकशे अठरा.

रामराव: आपला पुंजाजी?

रागिणी: त्यांचंच अक्षर. ते 'ज'ले शेपटी काढतात तसं. लोकांची खरी माती ती. अकरा गुणिले साठ, सहाशेसाठ नमुने तीन दिवसांत, आणि तपासणाऱ्या एकालाही पगार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाहिरात, पुन्हा अकरा जण.

रामराव: तू सरले इचारलं?

रागिणी: विचारलं. म्हणाले, हुशार आहात, म्हणून तर बाँड घेतो. बाँडमध्ये हेच लिहिणार आहेत, लॅबमधलं बाहेर बोलायचं नाही.

रामराव: आन हे तू आता सांगतं? पेढे आल्यावर?

रागिणी: चार दिवस झाले, माझ्याच तोंडातून निघत नव्हतं.

रामराव: थांब जरा. ते पिशवी दे इकडं. तुह्या डिग्रीच्या खाली एक कागद हाय. महत्त्वाचा म्हणून म्या तुह्या कागदांतच ठेवला होता. हे पाय. लॅब तेच हाय ना?

रागिणी: हो. गेल्या वर्षीचा आहे. तुम्ही माती दिली होती?

रामराव: तिन्ही वावरांची. वाच.

रागिणी: सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक तीन. सात पूर्णांक दोन.

रामराव: आपला खारपाणपट्टा. हिरीचं पाणी तोंडात धरवत नाई. माह्या बापाच्या जमान्यापासून वावरात पाणी साचलं का आठ दिवस हटत नाई. आन हे कागद म्हणते जमीन चांगली हाय. म्या इश्वास ठेवला. खार तोडायले जिप्सम टाकत होतो, ते बंद केलं. औंदा हरभरा निंघाला कसा, तू पाह्यला ना?

रागिणी: पाहिला. पिवळा होता, मधात मधात टक्कल.

रामराव: मले वाटे बियाणं खराब. दुकानदाराशी भांडलो, चारचौघांत लबाड म्हटलं त्याले. कोण्या तरी पोरीची घंटी होत आली असंन.

रागिणी: हो, बाबा.

रामराव: तिलेही वाटलं असंन, फेकून देतीन. ठेव ते कागद आत. नाई, माह्याजवळ दे. पोटाशीच बरे. चाल, पाचची गाडी भेटते आपल्याले.

रागिणी: आधी काकांना फोन लावते.

रामराव: आता? घरी गेल्यावर मी सांगतो ना त्याले. म्हणतो, लॅब खोटारडी निंघाली, रिपोर्ट धरू नको. तुहं नाव कशाले? एका पुंजाजीले सांगणं म्हणजे चावडीवर बोर्ड लावणं.

रागिणी: ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत.

रामराव: म्हणीन काहीतरी.

रागिणी: तुम्ही पण आकडा भरून देणार?

रामराव: लाव. स्पीकरवर टाक.

पुंजाजी: हॅलो, कोण?

रागिणी: काका, मी रागिणी. रामरावांची.

पुंजाजी: अरे, डॉक्टरीणबाई. पेढा भेटला आमाले. आन आयक, तुह्या लॅबचा रिपोर्ट आला मोबाइलवर. सात पूर्णांक तीन. जमीन सुधरली म्हणते. सूर्यभानचा ट्रॅक्टर जिप्सम घेऊन निंघाला होता, त्याले वापस फिरवून राहिलो.

रागिणी: फिरवू नका, काका.

पुंजाजी: काहून? मशीनवर आलं ना ते.

रागिणी: मशीनवर नाही आलं. तो आकडा मी लिहिला. तुमची माती मी भिजवलीही नव्हती.

पुंजाजी: मस्करी करून राहिली काय?

रागिणी: नाही.

पुंजाजी: तुहा बाप हाय काय जवळ?

रामराव: हाय बावा. खरं बोलून राहिली थे.

पुंजाजी: लिवायच्या आधी एक फोन करता नाई आला तुले?

रागिणी: तुमची आहे, हे लिहून झाल्यावर कळलं.

पुंजाजी: म्हणजे माही नसती तं चाललं असतं.

रागिणी: कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅडमना विचारते. उद्या वावरातून अर्धा किलो काढून ठेवा, चारही कोपरे आणि मधातून. मी स्वतः मोजीन.

पुंजाजी: ठेवतो. सूर्यभानले येऊ देतो मंग. आन अशा किती केल्या तू?

रागिणी: नऊ.

पुंजाजी: बाकीच्या आठायले केला फोन?

रागिणी: त्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, काका.