आधी मी, मग हे

हॅलो? …कोण, अनिता? …बोल गो. थांब, घरात रेंज नाय, ओटीवर येते. …हां, बोल.

…नाय, तुझे बाबा जेवले नायत अजून. वालाचं बिरडं पाहिजे म्हणाले. ठेवलंय चुलीवर, पण म्हटलं, लेकीचा फोन आल्याशिवाय वाढायची नाय!

…रिपोर्ट आले? दोन्ही? …थांब, बसते. …सांग आता.

…बाबांचा चांगला? रक्त नाय? अजिबात नाय? …देवा रे देवा!

…नाय गो, रडत कुठं. शिमग्यात ती कळ उठली, पेणला ॲडमिट केलं, तवापासून जीव टांगणीला लागलेला माझा. आतड्याला पिशव्या आल्यात, त्यातली एक सुजलीय म्हणाले. बरं, सूज उतरली, घरी आलो, तरी डॉक्टर म्हणाले, मागं कॅन्सर लपलेला नाय ना ते संडास तपासून बघू…

…व्हय, व्हय, माहीत हाय. डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं तर दुर्बीण, नाय तर आता घाई नाय. …परत दुखलं तर दाखवायचं? आणते ना, कान धरून आणते!

…हसतेस काय? संडासच्या तपासणीची ती डबी बघून कसे पळाले, बघितलंस ना! ‘या वयात ही थेरं नकोत’ म्हणे. अगं, लग्न झाल्यापासून ह्यांचं असंच. काढा मी आधी प्यायचा, मग हे. लस मी आधी टोचून घेतली, मग हे. म्हणून तर तुला दोन डब्या आणायला लावल्या. माझी भरून खिडकीत ठेवली, म्हटलं, ‘बघा, मेले का मी?’ तवा कुठं उठले!

…काय? …दुसरा रिपोर्ट?

…माझ्या डबीचं काय गो?

…सांग, ऐकतेय मी.

…हं. …हं. …रक्त निघालं. …माझ्यात? …नाव नीट बघितलंस? …बरं.

…नाय, मला काय दुखत नाय. भूक हाय, झोप हाय. काल दिवसभर बसून वाल निवडले मी. …म्हणजे कॅन्सरच, असं नाय ना? …मूळव्याधीनं पण येतं? …पण दुर्बीण करायलाच लागेल. …हं. करू.

…भीती वाटते गो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? ह्यांना मारे सांगत होते, नळीच तर घालतात, त्यात काय भ्यायचंय! …ऐक, बाबांना इतक्यात बोलू नको. आज पोटभर बिरडं खाऊ दे त्यांना. उद्या मीच सांगेन, नीट समजावून…

…अगं बाई! हे मागंच उभे हायत! …अहो, कधी आलात? …काय नाय, अनिता आपली… …सगळं ऐकलंत?

…थांब गो अनिता, हे काय विचारतायत. …काय हो? …अनिता, हे म्हणतात, दुर्बिणीच्या आधी पोट साफ करायचं औषध असतं, ते कुठं मिळतं? …व्हय, तेच. पाण्यात घालून तांब्यावर तांब्या प्यायचं, मग जायचं नि यायचं. …अहो, तुम्हाला कशाला? तुमचा रिपोर्ट चांगला आलाय!

…अनिता… हे म्हणतात, ‘या वेळी आधी मी पितो.’

…नाय गो, ऐकत नायत. हात धरून बसलेत. …सोडा हो, फोन चाललाय ना! …थांब जरा, डोळे पुसू दे.

…हां. डॉक्टर बोलवतील तवा येतो आम्ही. दोघं. …पण औषधाचं तू समजाव बाय ह्यांना, माझं ऐकत नायत. …अहो, दोघांनी प्यालं तर कसं होणार? घरात संडास एकच हाय!

…ठेव आता. बिरडं करपतंय.