लिंबादादाच्या भारंभार गूळ

पैज? काकीनं सांगितलं व्हय तुमाला? लावली व्हती की, डागदरसाहेब — पर गंमत म्हणून! लिंबादादाच कबूल झाला, खुळ्यासारखा — तसा तुमच्या गोळ्या सुरू झाल्यापासनं तो खुळा ऱ्हायला न्हवता, शहाण्यागत पेरायला जायचा, मला "चाँदपाशा" म्हणून नावानं हाक मारायचा. फकस्त भूक! चार भाकरी खाऊन पाचवी मागायचा, सदरा पाठीत टरकला. आन् मथुराकाकीनं, त्याचं डोकं फिरलेलं तवाच सोनारीच्या भैरोबाला बोलून ठिवलेलं — माजं लेकरू सुधरू दे, त्याच्या भारंभार गूळ वाटीन. तवा तो काठीवानी व्हता हो! आता काकी एक ढेप जमवायची, तवर ह्यो आणिक एका ढेपंनं वाढायचा. सारी आळी हसायची — म्या जास्त. म्हणलं, दादा, जत्रंपतूर एक ढेप उतरून दाव, खांद्यावर घिऊन नाचतो तुला. तो म्हणला, लाव पैज, आईचा नवस तरी फिटंल.

उपाशी ऱ्हायला का? छ्या, भूक कुठं ऐकती! काय म्हणता — रोज चालवायचं, भाकरीला माप ठिवायचं, वजन वाढलं तर हितं येऊन सांगायचं? मला कुणी सांगितलं न्हाय... म्या इचारलं बी न्हाय.

पर उतरला, साहेब. जत्रंत तराजूत बसला, ढेपंनं हलका. काकी रडली, गूळ वाटला, म्या दोन खडे जास्त घेतले. आन् आठ दिसांत — भाकरीत इख घातलं म्हणत चुलीवरचा तापलेला तवा काकीवर भिरकावला. काकीचं मनगट बघितलं न्हवं? आता भाईर गाडीत कासऱ्यानं बांधलाय, मला वळखंना. काकी म्हणती देव कोपला, तोलताना खोट झाली. तुमी म्हणता गोळीचा गुण सरला, लांबच्या येड्यांच्या दवाखान्यात धाडायचं —

लिहू नका. थांबा की वो. पेन खाली ठिवा.

गोळीचा गुण हाय, साहेब. पोटात गेलीच न्हाय. काकी शेतात जायची, गोळी द्यायचं माझ्याकडं — दुसऱ्या कुणाचं तो ऐकायचाच न्हाय. "ह्या गोळीतच चरबी हाय" — म्याच सांगितलं त्याला. काकीला म्हणायचो, घेतली बघा. ही डबी — समद्या हितंच हायत. फेकायला हात धजला न्हाय.

असं बघू नका. आदी तो कागद फाडा.

काकीला तुमी सांगू नका. म्या सांगतो. सरका — जाऊ द्या मला.