सोळा किलो

— पण बायकोसाठी? मी तुमच्या जागी असतो ना देवेशराव, तर स्वतःसाठी घेतल्या असत्या, बायकोला कशाला — या, खाली तळघरात, जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. नाही, मिसेस घरात नाही. शनिवारी लायब्ररीत जाते, बसने. गाडी चालवत नाही ती. म्हणजे मीच शिकू दिली नाही म्हणा. इथे कॅनडात, या रेजिना गावच्या बर्फात भल्याभल्यांच्या गाड्या घसरतात, कशाला ती भानगड? दहाला गेलीये. एकपर्यंत येते. आता किती, दीड? येईल. फोन लावला मघाशी, उचलत नाही, लायब्ररीत सायलेंटवर असतो.

या बघा तुमच्या केटलबेल. लोखंडी गोळा आणि वर कडी, बाकी काही नाही. चारची, आठची, बाराची, सोळाची, जाहिरातीत लिहिलं तशा — थांबा, तीनच दिसतायत. चारची कुठे गेली? गुलाबी आहे हो, पहिली तीच आणली होती. वॉशिंग मशीनच्या मागे सरकली असेल. तुम्हाला तीच पाहिजे होती ना, सुरुवातीला? शोधतो, कुठे जाते.

तुमच्या मिसेसचा पण खांदाच का? वनिताचा उजवा धरला पन्नाशीला, फ्रोझन शोल्डर. हात छातीच्या वर जाईना. दोन वर्षं तिची वेणी मी घातली, खोटं नाही सांगत, ब्लाउजचे हूकसुद्धा. आणि खरं सांगू, मला बरं वाटायचं. दिवसातून दहा वेळा हाक — अहो, जरा कढई काढून द्या, अहो, डाळीचा डबा. मग मीही सगळं वरच्याच कपाटात ठेवायला लागलो. असं बघू नका, घर नीट राहतं त्याने.

मग त्या फिजिओवाल्या बाईने तिच्या हातात चारची दिली आणि सगळं बिघडलं. म्हणजे, खांदा सुधारला. आधी बेल खांद्याशी आणायची, कोपर बरगडीला, मनगट सरळ, पोट घट्ट, मग श्वास सोडत वर, हात कानाशी येईपर्यंत. मला पाठ आहे, मी या जिन्यावर बसून बघायचो — तिला माहीत नाही. कपडे मशीनला लावायला आली की दोनदा, काढायला आली की दोनदा. दमेपर्यंत कधी नाही. रोज थोडं. वर हॉलमध्ये मला आवाज यायचा, धप्, मॅटवर टेकवल्याचा. टीव्हीचा आवाज वाढवला तरी यायचा. चारवरून आठला सहा महिने, आठवरून बाराला वर्ष. आणि बारावरून सोळाला — तिथे फार रखडली. हात डोक्यापर्यंत जायचा, थरथरायचा, खाली. दुसऱ्या दिवशी परत. या वयात इतका हट्ट कशासाठी, मला कळेना. मार्चमध्ये गेली शेवटी वर. मला वाटलं, आता वीसची मागेल. नाही मागितली. सोळालाच थांबली. का गं, म्हटलं. तर म्हणाली, एवढं पुरे.

मी? मी करून बघितलं की, ती नसताना. कपाळापर्यंत येते माझी. सोडा.

वर काय बघताय, तो माळा? मीच केलाय. इथल्या घरांना माळा नसतो ना, म्हणून छताशी फळी ठोकली, त्या पाइपच्या मागे. फटीतून एक पेटी जाते आणि सोबत एकच हात, बघा, दुसरा घालूच शकत नाही. मुद्दामच. ती पेटी आगीत जळत नाही, पासपोर्ट, सिटिझनशिपची कार्डं, वनिताच्या डिग्र्या, पाटल्या, सगळं त्या पेटीत. वर चढवली तेव्हा शेजारच्या विलासने खालून रेटा दिला होता. किल्ली माझ्या या जुडग्यात. दोन आल्या होत्या, एक पहिल्याच हिवाळ्यात कुठेतरी हरवली. वनिताला मी तेव्हाच पेटी वजनकाट्यावर ठेवून दाखवली होती — बघ, सोळा किलो आहे, तू हात लावू नकोस, हवं असेल तेव्हा मला सांग.

सांगायची ना. रोज सांगायची. जाई, आमची मुलगी, ओटावाला असते, लग्न तिच्या मनाने केलंन, माझं तिच्याशी बोलणं नाही. विमानात बसायचं तर फोटोचं कार्ड लागतं, लायसन्स हिला नाही, म्हणजे पेटी आली. अहो, माझं कार्ड काढून द्या, चार दिवस जाऊन येते. मी म्हणायचो, बघू. गेल्या ऑगस्टपर्यंत हेच. मग एकदम बंद. तीन महिने झाले, ओटावाचं नाव काढलं नाही. पटलं शेवटी तिला.

तरी विकतोय, हो. एका गोष्टीमुळे. दिवाळीत काहीतरी बोलाचाली झाली आणि माझा हात वर गेला — मारायला नाही, आपण बोलताना हात हलवतो, तसा. तिने मनगट धरलं. नुसतं धरलं, हवेतच, आणि माझ्याकडे बघत राहिली. मला हलवता येईना, देवेशराव. स्वयंपाकघरात, कढीला उकळी येतेय, आणि मी उभा. तिने सोडलं तेव्हा सुटलो. भीती वाटली मला. स्वतःच्या घरात. तिला सांगितलेलं नाही विकतोय ते. येईल आणि बघेल, मॅट रिकामी.

पावणेदोन झाले.

नाही, पेटीची काळजी नाही. रोज सकाळी मॉपच्या दांड्याने ढकलून बघतो, हलली नाही की झालं. आजही हलली नाही. पण तुम्ही आलाच आहात तर — उंच आहात, चढता का शिडीवर? धरतो मी. एक हात आत, हं, पुढे ओढा, दुसरा खाली लावा. सावकाश. जड आहे ना? असणारच, सोळा —

काय गडगडलं?

कागद असे गडगडत नाहीत. ठेवा. इथे, मॅटवर ठेवा. थांबा, किल्ली, ही नाही, ही.

टॉवेल आहे. टॉवेल कुणी...

गुलाबी.

मोजून चारच किलो. कागद आणि पाटल्या चारच किलो होत्या ना, पेटी बाराची. मॉपला कसं कळणार? आणि भरून परत वर चढवायची, त्या फटीतून, एका हाताने — किती वेळा केलं असेल हिने, मी वर टीव्ही बघत होतो तेव्हा? धप् आवाज यायचा. मला वाटायचं, बेल.

तुम्हाला ओटावाच्या विमानाची वेळ माहीत आहे का? नको, सांगू नका. बेल विकायच्या नाहीत मला. जा तुम्ही. जा, म्हटलं ना — नाही, थांबा. आधी ही पेटी वर ठेवून द्या. माझा हात नाही जात तिथवर.