निळं सरबत

घ्या ना, ग्लास का ठेवलात खाली? गोकर्णाच्या फुलांचं सरबत आहे वनिताताई, कपड्याची नीळ नाय — हसू नका, आधीच्या स्थळाकडच्यांनी खरंच तसं विचारलेलं. फुलं आमच्याच गॅलरीतली. गरम पाण्यात टाकली की निळा रंग सुटतो, लिंबू पिळलं की जांभळा — थांबा, पिळू नका, ती गंमत दिपिका स्वतः दाखवणार. सगळे रंग तीच करते, मी मावशी नुसती पातेली घासायला. ही गुलाबी बर्फी बिटाची. उद्या सकाळी बाथरूममध्ये लाल दिसलं तर घाबरू नका — त्या आधीच्या मुलाचे वडील दवाखान्यात धावले. आम्ही सांगायला विसरलो. म्हणजे, विसरलो असं नाय, पण असो.

चुकतं कधीकधी. हळदीच्या ढोकळ्यात सोडा जास्त पडला, लालेलाल झाला — तिखट ढोकळा म्हणून खपवला. मानकोलीच्या गोदामात शिफ्ट करून येते नि रंग उकळत बसते पोरगी. चौदा एप्रिलच्या जयंतीला निळा केक तिच्याकडूनच नेते आमची कामतघरची अख्खी वस्ती. लग्नानंतर गोदाम सोडीन म्हणते, रंग नाय सोडणार. म्हणून तर हे सरबत —

काय बघताय अशा? बरं, सांगते, माझ्या तोंडात तीळ भिजत नाय. सरबत बघूनच जे नाक मुरडतात, ते तिची पातेली ओट्यावर ठेवू देतील का? असं तिचं म्हणणं. ग्लास तसाच राहिला तर मी खोकायचं, मग ती गोदामाच्या टी-शर्टवर बाहेर येणार — ड्युटीला उशीर होतोय, निघते, म्हणणार. ग्लास रिकामा झाला तर साडी नेसून. खोकून खोकून घसा बसला माझा. पण तुमचा कल्पेश मला आवडला हो. गॅलरीत खाली पडलेलं फूल त्याने तुडवलं नाय, उचलून कठड्यावर ठेवलं. म्हणून म्हणते, दोन घोट तरी घ्या. परीक्षेचा पेपर फुटला तो फुटला, तिला कोण सांगतंय —

अहो, हळू. एका दमात नको. संपवलंत? सगळं ऐकून? म्हणजे सून हवीच आहे तर. बास, मी काय बोलले नाय, तुम्ही काय ऐकलं नाय, ओठ पुसा — अरे देवा, ठसका लागला. पाणी घ्या, तोंडावर पदर धरा, खोकू नका, तुम्हाला हात जोडते, खोकू नका —

दिपिका, परत आत जा. साडी नेस. तो खोकला माझा नव्हता.