थुंकीचा रिपोर्ट

लातूरच्या एका क्लासच्या ऑफिसबाहेर धम्मप्रिया भावाच्या ओळखपत्रासाठी ताटकळली होती. मान मोबाइलात होती, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे.

“जीन टेस्टचा रिपोर्ट आला. आपल्या तनुजाच्या अंगातच डॉक्टरकी हाय म्हणून लिहिलंय,” नवरा सांगत होता.

“तिला शेतकी कॉलेजला जायचंय.”

“जीनमधी न्हाई ते.”

“आणिक काय लिहिलंय?”

“तापट हाय. हट्टी हाय. दुसऱ्याचं ऐकून घेत न्हाई.”

“तनुजा?”

“मंग काय मी? लई हुशार लोकं हायेत ते. नुसत्या थुंकीवरून माणूस ओळखतेत.”

“ओळखलं खरं. थुंकी कुणाची पाठवली होती?”

“पोरगी तवा आजोळी होती, नायगावला. शेवटची तारीख होती. म्हणून माझी दिली. बाप-लेकीचं रगत एकच की.”

“हाव. म्हंजी डॉक्टरकी तुमच्या अंगात हाय.”

“तू गप बस.”

“बसले. ऐकून घेत न्हाई म्हणून लिहिलेलंच हाय.”

तेवढ्यात खिडकीतून क्लार्कनं विचारलं, “प्रवेशाच्या फॉर्मवर विद्यार्थ्याचं नाव काय टाकू?”

“शेषेराव,” बाई म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं असावं. शेषेरावाचं तोंड तरी तसंच झालं होतं.