न फाटलेलं लुगडं

चहा घे, पण आधी आमच्या हातमाग मंडळात काय झालं ते ऐक. दर मे महिन्यात सगळ्याजणी सावेडीला माझ्या घरी जमतात. घरातले जुने कपडे फाडून पट्ट्या करायच्या आणि सगळ्यांनी मिळून एक सतरंजी विणायची.

यंदा पाथर्डीच्या मंदाताईंनी सासूबाईंचं सुती लुगडं आणलं. पार विटलेलं. मी काठाला कात्रीने चीर दिली आणि ओढलं. फाटतंय कुठलं! दुसऱ्या बाजूला मंडळातल्या नीताला उभं केलं, दोघींनी पाय रोवून ओढलं, हात लाल झाले, तरी नाही.

"अहो मंदाताई, हे आहे तरी काय?"

"लुगडंच हाय की. सासूबाई ऊसतोडीला ह्येच नेसायच्या. लई जुनं झालं, मंग उसाच्या फडात ह्याची झोळी बांधून लेकरं झोपवली. आमचं मालक बी ह्यातच वाढलं."

मंदाताईंचे मालक बघितलेस ना तू? दारातून तिरके येतात!

मी लुगडं उन्हात धरून पाहिलं. एकही धागा सरकलेला नव्हता गं. कुणी विणलं असेल, कुणाला ठाऊक? माझे तर आपोआप हात जोडले गेले.

तेवढ्यात मंदाताई म्हणाल्या, "आता तुमी विणलेलं आना बरं. त्ये ओढून बघू."

काय सांगू तुला! सगळ्यांच्या खांद्यावरच्या, स्वतः विणलेल्या पिशव्या एकदम पाठीमागे गेल्या. आणि मंडळाची अध्यक्ष मी, म्हणून माझी सगळ्यात आधी!